झाडाखालचा पाला

चमेलीने सख्ख्या दिराच्या डोक्यात मुसळ घातलं, तेव्हा मी त्याच अंगणात माझ्या पिकअपमध्ये मोहफुलांची पोती रचत होतो. नारळ फुटावा तसा आवाज आला. नंदलाल आधी खाली बसला, मग आडवा झाला, आणि कानामागून रक्ताची धार लागली. अंगणातल्या कोंबड्या ओरडत कुंपणाकडे पळाल्या.

मी उमेंद्र. देवरीच्या बाजारात मोहफूल, चिंच, लाख यांचा धंदा करतो आणि त्यासाठी दर उन्हाळ्यात या जंगलपट्टीतली गावं पालथी घालतो. मला भांडणं आवडत नाहीत, रक्त तर बघवतच नाही. पण दसरू आणि नंदलाल या दोन भावांनी यंदा मला दोन्ही पोटभर दाखवलं.

दसरू थोरला, चमेलीचा नवरा. नंदलाल धाकटा, बिनलग्नाचा. बाप गेल्यावर त्यांनी शेत वाटलं, बैल वाटले, मोहाची झाडंसुद्धा वाटली. बांधावरचं मोठं झाड तेवढं कोणाचं ते ठरेना. त्या गावात रीत अशी, की मोह पडायच्या आधी झाडाखालचा पाला जो जाळून झाडून घेतो, त्या मोसमात झाड त्याचं. जमीन स्वच्छ होते, फुलं वेचायला सोपी जातात. पाल्यातली गोचिडंही त्यात जळून जातात, पण हे कोणी मुद्दाम बोलून दाखवत नाही.

यंदा दसरू काडेपेटी घेऊन गेला, तर नंदलालने त्याच्या मनगटावर काठी हाणली. नंदलाल गेला, तर दसरूने त्याची पेटती पेंढी हिसकून त्याच्याच तोंडावर फेकली. शेवटी पाला तसाच राहिला, घोट्याएवढा. दुपारी गावची गुरं त्यात बसायची, पहाटे चितळं मोह खाऊन जायची. आणि झाड दुसऱ्याने लाटू नये म्हणून हे दोघे उघड्या अंगाने, झाडाच्या दोन बाजूंना, त्याच पाल्यात लोळून राखण करायचे. इतके हट्टी गाढव मी बैलबाजारातही पाहिले नाहीत.

त्यांचं शेवटचं भांडण माझ्यासमोरच झालं. दसरूने धाकट्याचा गळा धरून त्याचं डोकं मोहाच्या मुळीवर दाबलं होतं. नंदलालने त्याच्या दंडाचा लचका तोडला तेव्हा कुठे तो सुटला. तोंडातलं रक्त थुंकून त्याने मूठभर मोहफुलं उचलली, थोरल्याच्या छातीवर फेकली आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडला, "हे झाड खाइल तुले! ध्यानात ठेव!"

पुढल्या खेपेला गेलो तेव्हा दसरू खाटेवर होता. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे लाल. डोकं इतकं दुखत होतं की तो ते खाटेच्या लाकडावर आपटून घेत होता. तळहातांवर आणि तळपायांवर लाल ठिपके उठले होते. काखेत बांधलेलं काळं फडकं मी पाहिलं आणि चमेलीला विचारलं.

"मूठ मारली भावानं," ती म्हणाली. "पुजाऱ्यानं पाहून सांगतलं. काखेत काळा डाग हाये, बिडीनं चटका देल्यावानी. फडका सुटला, डाग दिसला, का जीव गेला."

"दवाखान्यात नेलं काय?"

"मुठीवर दवाखान्यात कोनती दवा भेटते गा, शेठ?"

चमेली अंगणाच्या कोपऱ्यातल्या उखळाशी गेली आणि भात कांडू लागली. दसरू गेला तर आपलं आणि आपल्या पोरीचं, चंचलचं, काय होईल हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मलाही वाईट वाटलं. मी पोती उचलायला गाडीकडे गेलो.

तेवढ्यात नंदलाल अंगणात आला. तोही ओढल्यासारखा चालत होता. "दादाले पाहाले आलो, वहिनी," तो म्हणाला.

"पाहाले आला? किती खाल्लं त्याले, आता किती उरला, तेच ना?"

"असी काऊन बोलून राहिली वो? माह्याच अंगात दोन दिवसांपासून..."

ताप हा शब्द त्याला बोलता आला नाही. मुसळ त्याआधीच डोक्यात बसलं होतं.

मी धावलो. गमछा काढून त्याच्या डोक्याला आवळला आणि शेजाऱ्यांवर ओरडलो, "दोघांनाही गाडीत घाला!" चमेली खाटेसमोर आडवी झाली. दसरूला हलवायचं नाही, पुजाऱ्याने मना केलंय. एकाने तिचा हात धरला तर तिने त्याच्या पायावर मुसळ आपटलं. दुसरा वार माझ्या गाडीच्या काचेवर पडला आणि काच तडकत गेली. तेव्हा माझंही डोकं फिरलं.

"नवरा मेल्यावर ते फडकं जपत बसशील काय?" मी तिच्या अंगावर ओरडलो. "चल, नाहीतर तुलाही बांधून नेतो!"

मुसळ तिच्या हातून सुटलं. ती गाडीत चढली आणि नवऱ्याचा दंड दोन्ही हातांनी त्याच्या अंगाशी दाबून बसली.

रस्ताभर मागे झोंबाझोंबी चालली होती. दसरू भ्रमात होता. लाथांनी गाडीचा मागचा फाळका ठोकत होता, भावाच्या नावाने शिव्या घालत होता. एकदा त्याने शेजारी पडलेल्या नंदलालचा गळाच धरला. चमेलीला त्याची बोटं सोडवावी लागली, नाहीतर तिचा दीर गाडीतच गेला असता. तिने बोटं सोडवली, हे मी आरशात पाहिलं. तेव्हा ती रडत होती.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त वाहणाऱ्याला आधी घेतलं. टाके घालायचे म्हणून जखमेभोवतीचे केस वस्तऱ्याने काढायला लावले. वस्तरा चालवणारा अचानक थांबला. केसांखाली कातडीला एक गोचीड चिकटलं होतं, रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढं फुगलेलं. नंदलालने चाचपून सवयीने नख पुढे केलं.

"चिरडू नका!" बाईंनी त्याचा हात झटकला. "ओढून तोडायचं नाही, बिडीनं जाळायचं नाही." त्यांनी चिमटा अगदी कातडीला टेकवून गोचीड धरलं, हळूहळू सरळ वर ओढलं आणि जिवंतच बाटलीत टाकलं. मग त्या आणखी वाकल्या. बोटभर अंतरावर एक काळी खपली होती, बिडीने चटका दिल्यासारखी.

"ताप आहे का तुम्हाला?"

"उन्हाचा हाये, बाई."

बाई तिथून सरळ दसरूच्या खाटेकडे गेल्या. त्यांनी त्याचे तळहात उलटे केले, तळपाय पाहिले. "याच्या अंगावर असा काळा डाग कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

चमेलीने नवऱ्याचा दंड आणखी घट्ट दाबून धरला. मी बोललो, "काखेत, फडक्याखाली."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मुसळ हातात असतं तर मी आज हे सांगायला उरलो नसतो. वॉर्डातल्या माणसाने फडक्याला हात घातला. ती त्याच्या मनगटाला चावली, रक्त येईस्तोवर चावली. तो किंचाळला, ट्रे खाली पडला, सुया, कात्र्या सगळीकडे पसरल्या. आणि त्या गोंधळातून नंदलाल उठला. अर्धं डोकं भादरलेलं, जखमेतून रक्त ओघळतंय. तो भिंतीला धरत आला, चमेलीला बाजूला ढकललं आणि दाताने गाठ तोडून फडकं काढून फेकलं. दसरूची मूठ त्याच्या ओठावर बसली. तो तिथेच उभा राहिला.

काखेत तीच खपली होती. त्याच आकाराची, तितकीच काळी.

"दोघांनाही गोचिडाचा ताप आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडलेला होता. "गुरं बसतात तिथे उघड्या अंगाने झोपता ना? याची गोळी साधी असते हो, वेळेत आलात तर."

नंदलाल वेळेत आला होता. दसरूला सुई दिली, सलाईन लावलं, गोंदियाला न्यायला गाडी काढली. आमगावच्या अलीकडे त्याला झटके आले. चमेलीने त्याचं डोकं मांडीवर दाबून धरलं होतं, तरी ते उसळत होतं. गोंदिया यायच्या आधीच तो शांत झाला.

माती द्यायला सारा गाव जमला होता. खड्ड्यात पहिली मूठ पडली आणि चमेली नंदलालवर धावली. "तूनं फडका सोडला! तूनं मारलं त्याले!" तिने त्याच्या डोक्यावरची पट्टी ओरबाडली, टाके उसवले, रक्त पुन्हा त्याच्या मानेवरून वाहिलं. बायकांनी तिला ओढलं. नंदलालने हात उचलला नाही. उभ्या उभ्या त्याला रडू फुटलं.

"तूनं मले मारलं, म्हनून मी वाचलो, वहिनी," तो म्हणाला. "त्याले कायले नाही मारलं वो? एक टोला त्यालेबी हानाले पायजे होता."

लोक माती ढकलत राहिले.

त्यानंतर मी गेलो तो उरलेला माल उचलायला. मोठ्या झाडाखाली पाला तसाच होता, त्यावर मोह पडून सडत होता. चमेली अंगणात चंचलच्या केसांतून बोटं फिरवत बसली होती. अचानक बोटं थांबली. पोरीच्या कानामागे गोचीड होतं. चमेलीचा अंगठा चिरडायला वर आला आणि तसाच राहिला.

तिने पोरीचं बखोट धरलं आणि फरफटत नंदलालच्या दारात नेलं. तो डोक्याला नवी पट्टी बांधून ओट्यावर बसला होता. दवाखान्यातून सुटताना त्याने चिमटा मागून आणला होता, हे गावाला माहीत होतं.

"काढ," ती म्हणाली.

नंदलालने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. कोपर गुडघ्यावर टेकवलं. चिमटा कातडीला भिडवला, हळूहळू सरळ ओढला. गोचीड अख्खं आलं. त्याने ते बाटलीत टाकून झाकण घट्ट लावलं आणि पोरीची मान, काखा, पाठ बारकाईने पाहिली. मी चमेलीला बजावलं, पोरीला जरा कणकण आली तरी पुजारी नाही, सरळ दवाखाना. गाडी मी देईन. तिने मान हलवली.

मग ती दिराला म्हणाली, "पाला जाळ तो."

पाला जाळणाऱ्याचं झाड. नंदलालने खिशातून काडेपेटी काढली आणि तिच्यापुढे धरली. "तूच जाळ, वहिनी."

आम्ही झाडापर्यंत गेलो. तिने चंचलला लांब, माझ्याजवळ उभं केलं. खाली वाकली, काडी हातात धरली आणि नंदलालकडे न बघता बोलली.

"माफ नाही केलं मी तुले."

आणि तिने काडी ओढली.