चौथी कंपनी

युद्धाचे गेम बनवणाऱ्या त्या स्टुडिओत तिला सगळे ‘सेनापती’ म्हणत. काम तसं कारकुनीच. कुठल्या पलटणीत किती कंपन्या, कंपनीत किती माणसं, कोणाकडे कुठली बंदूक, हे जुन्या कागदांतून हुडकून तक्त्यात भरायचं. पण एखाद्या तुकडीत एक खेचर कमी दिसलं, तरी सेनापती चित्रकाराच्या टेबलापाशी जाऊन उभी राही आणि खेचर मिळाल्याशिवाय हलत नसे. ‘खेळणाऱ्याला काय कळतंय’ असं कोणी म्हटलं की तिचं डोकंच फिरे.

नव्या गेममध्ये तिच्या बाबांची पलटण होती. पन्नास वर्षांपूर्वी त्या पलटणीने एक टेकडी जिंकली होती, आणि ‘माझे बाबा टेकडीवाले’ हे तिने शाळेपासून इतक्यांना ऐकवलं होतं की मैत्रिणींनी कानांवर हात ठेवायचंच बाकी होतं. बाबा मात्र युद्धाचा विषय निघाला की मिठाची गुळणी धरत. तिला तो त्यांचा विनय वाटे.

रविवारी ती लॅपटॉप घेऊन माहेरी गेली. बाबांनी चष्मा पुसला, पडद्यावरच्या टेकडीपाशी बोट नेलं आणि मोजायला लागले.

“ही चौथी इथे काय करतेय?”

“तुमचीच कंपनी, बाबा. पलटणीत चार असतात ना.”

“पुस्तकात असतात. टेकडीवर तीन गेल्या. आम्हाला आठ मैल मागे, पुलावर ठेवलं होतं. नऊ दिवस. एक गोळी झाडली नाही आम्ही.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“तू शाळेत सांगून आली होतीस. इतकी खूश होतीस, की म्हटलं राहू दे. मग ते राहूनच गेलं.” त्यांनी चष्मा काढला. “पण वर गेलेल्यांतले निम्मे परत आले नाहीत गं. त्यांच्या रांगेत मला उभं करू नकोस.”

परतताना तिला स्वतःचाच संताप आला. छापील तक्ता वेगळा आणि त्या दिवशी मैदानात असलेली पलटण वेगळी, हे या धंद्यातलं पहिलं अक्षर. त्यावरून तिने कितीजणांना फैलावर घेतलं होतं. आणि बाबांच्या पलटणीची रोजनिशी मात्र तिने उघडलीसुद्धा नव्हती, कारण उत्तर तिला आधीच पाठ होतं.

सोमवारी तिने ती उघडली. तिसऱ्याच पानावर एक ओळ होती: चौथी कंपनी पुलाकडे रवाना. ती पान घेऊन थेट स्टुडिओच्या प्रमुखाकडे गेली.

“आठ दिवसांवर गेम आलाय,” प्रमुख म्हणाला. “तीन कंपन्यांत टेकडी पडणार नाही. आणि तुमचेच वडील ना? राहू द्या की वर. कोण विचारतंय?”

“बाबा विचारतायत.”

तिने चौथी कंपनी खाली पुलावर नेली. आणि झालं प्रमुख म्हणाला तसंच. गेम तपासणारी मंडळी अकरा वेळा खेळली, अकराही वेळा हरली. पण खऱ्या तीन कंपन्यांनी तर टेकडी घेतली होती. मग ती कशी? ती पुन्हा रोजनिशी घेऊन बसली. टेकडी फोडली होती तोफांनी, आणि तोफांचा सगळा दारूगोळा रोज त्याच पुलावरून येत होता. गेममध्ये तो पूल नुसता चित्रातला होता.

प्रोग्रामरच्या मागे लागून तिने दारूगोळा पुलावरून आणायला लावला, आणि तीन कंपन्या वर पोहोचल्या. ज्या हुशारांनी चौथीलाही टेकडीकडे पळवलं, त्यांचा पूल दुसऱ्या दिवशी शत्रूने घेतला आणि तोफा मुक्या झाल्या. प्रमुखाने स्वतः तेच केलं, सपाटून मार खाल्ला आणि मग तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या रविवारी बाबा खेळले. शेजारचे काका खुर्चीमागे उभे राहून सल्ले देत होते. “अहो, ती पुलावरची तुकडी रिकामी बसलीय, तिला वर घ्या.” बाबांनी त्या तुकडीला शेवटपर्यंत हात लावला नाही. टेकडी पडली आणि पडद्यावर यादी आली. टेकडी घेतली: पहिली, दुसरी, तिसरी कंपनी. पूल राखला: चौथी कंपनी.

बाबांनी यादी दोनदा वाचली.

“म्हणजे ही तुमची टेकडी,” काका म्हणाले.

“टेकडी त्यांची,” बाबा म्हणाले. “आमचा पूल.”

जन्मभर मिरवलेल्या टेकडीने तिचा ऊर कधी इतका भरून आला नव्हता. काकांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, “पुलावर नऊ दिवस करत काय होता हो तुम्ही?”

“सांगतो,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली.