खरखरीत चेंडू

...आणि ती तीन भोकं, दोन जवळजवळ आणि एक जरा लांब, तशीच शेजारच्या चेंडूलाही. दोन्ही गडद निळे, आणि बोलिंगच्या या हॉलमधल्या जांभळ्या उजेडात तर अगदी जुळे. सारंगने उजवा तळवा पहिल्यावरून फिरवला, मग दुसऱ्यावरून, मग पुन्हा पहिल्यावरून.

रविवारची सकाळ. नव्या खासगी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचा सामना एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळींशी. हल्ली या शहरात असलं काहीबाही निघत असतं. चेंडू किशोरचे. किशोर भूल देणारा, आणि अमेरिकेहून परतताना पुस्तकं तिथेच टाकून हे ओझं घेऊन आलेला. चेंडू सोडायच्या लाकडी पट्ट्यावर आज तेल फार आहे, तो म्हणाला, गुळगुळीत चेंडू तेलावरून नुसता घसरत सरळ जाईल, वळायचं नाव घेणार नाही. एकाला मी काचकागद मारून ठेवलाय, तो तेलातही पट्टा धरतो. "हात फिरव, लगेच कळेल. सर्जन ना तू?" एवढं बोलून तो बूट बदलायला गेला.

लगेच कळेल. सारंगने डोळे मिटले, रुग्ण तपासताना मिटतो तसे, आणि बोटांची टोकं टेकवली. वजन कळलं, गोलाई कळली. पण खरखर कुठेच नव्हती.

एसीमुळे असेल. गार हवेत बोटं बधिरतातच— मागच्या महिन्यात टाक्याचा दोरा बोटात आहे की सुटला हे बघायला खाली पाहावं लागलं, तेव्हाही एसीच होता. आणि परवा वैशाली म्हणाली, अहो, एवढा कढत पेला हातात धरलाय कसा, तेव्हा मात्र एसी नव्हता. मी हसलो होतो. आमच्या घरात सगळ्यांचेच हात राठ, म्हणालो होतो.

अण्णांचे तर होतेच. त्याचे वडील हिम्मतराव, रेल्वेत डबे तपासणारे. गाडी थांबली की तिच्या कडेने चालत जायचं आणि प्रत्येक चाकाच्या आसाच्या पेटीला हाताची मागची बाजू लावायची, कारण तळहात कामाने राठ झालेला असतो, त्याचा भरवसा नाही. पेटी तापलेली असली तर डबा काढायचा, थंड असली तर खडूने खूण करून गाडी सोडायची. एका संध्याकाळी त्यांनी सोडलेल्या गाडीचा डबा पुढे रुळांवरून घसरला. दोन माणसं गेली. त्या रात्री तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये अण्णा पितळेच्या ताटात जेवत होते आणि आई त्यांच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला खोबरेल लावत होती. तिथे रुपयाएवढा फोड आला होता. अण्णांचा घास थांबला नाही. त्या ताटावर, चौकशीत आणि नंतर मरेपर्यंत ते एकच सांगत राहिले— मला थंड लागलं होतं.

सारंग मेडिकलला गेल्यावर त्याचा उलगडा झाला. रक्तातली साखर, नसा, बधिर कातडी. अण्णा खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच थंड लागलं होतं, आणि या एका गोष्टीवर सारंग वीस वर्षं निवांत झोपला होता. पण त्याआधीचे महिने? सदऱ्याचं बटण सापडत नसेल, खडू हातातून निसटत असेल, तेव्हा अण्णांनीही स्वतःला काहीतरी सांगितलंच असणार... तेव्हा तर एसीही नव्हता.

कुसुमताई. त्याच क्वार्टरमधल्या शेजारीण, लहानपणी त्याला भाकरी करून घालणाऱ्या. गुरुवारी आल्या होत्या, संकोचून, काखेजवळ गाठीसारखं काहीतरी हाताला लागतंय म्हणत. त्याने डोळे मिटून तपासलं. दोनदा. काही नाही, म्हणाला. फोटो वगैरे काढायची गरज नाही. त्यांनी पदर सावरत विचारलं होतं, "मग जाऊ ना रे नांदेडला? माझ्या सुलभाचं बाळंतपण आहे, तीन-चार महिने तरी राहावं लागेल."

"जा खुशाल," तो म्हणाला होता.

गाडी आज दुपारचीच. खिशात मोबाइल होता, नंबर पाठ होता. फोन करून सांगायचं काय? ताई, थांबा, पुन्हा तपासू. का रे, काय झालं? आणि मग आणखी कुणाकुणाला तपासलं या महिन्यांत, तेही कुणीतरी विचारणारच. ज्या हातांवर घर चाललंय, नाव झालंय, त्या हातांबद्दल एकदा तोंडातून शब्द गेला की उद्या ऑपरेशन थिएटरचं दार आपल्याला उघडणार नाही. त्याने मोबाइल खिशातच राहू दिला.

किशोर परत आला. कुठला घेतोस, त्याने विचारलं. सारंगने अंदाजाने डावीकडचा चेंडू उचलला. पट्ट्यावर तेल घालणारा यादगिरी फडक्याने हात पुसत तिथेच उभा होता. त्याने सहज एक बोट चेंडूवरून फिरवलं.

"साब, ये तो चिकना है. तेल अब्बीच डाले, ये सीधाच जाता."

"मालूम है," सारंग म्हणाला.

आवाज मुळीच हलला नाही. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता, पितळेच्या ताटापलीकडून ऐकलेला. म्हणजे हाताला काही कळत नाही हे अण्णांना ठाऊक होतं. खडू टेकवतानाच ठाऊक होतं. त्याने चेंडू छातीशी धरला. समोर पट्टा तेलाने चकाकत होता, आणि घड्याळात सव्वाअकरा झाले होते; कुसुमताईंची गाडी सुटायला अजून वेळ होता.