गडग्यात सापडलेला डबा

मित्रांनो, माझं झाकण उघडण्याआधी माझी ओळख ऐकून घ्या. मी एका जुन्या जीपगाडीचा हवा गाळणारा डबा आहे. गॅरेजवाले मला एअर फिल्टर म्हणतात. तळाशी तेल आणि वर काथ्याची दाट जाळी, अशी माझी घडण. रस्त्याची धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून ती मी माझ्या पोटात ठेवून घ्यायचो.

माझा मालक लवू नांदगावचा. हंगामात तो देवगडहून आंब्याच्या पेट्या आणायचा. माझं तेल बदलताना तो म्हणायचा, "ह्यो आसा म्हणान गाडी सास घेता." पुढे गाडी भंगारात गेली, मी मागे उरलो. लवूने मला घराच्या गडग्यातल्या, म्हणजे दगडी कुंपणातल्या, एका भोकात बसवलं आणि वर दगड रचले. मग लवूही गेला.

यंदा तो गडगा ढासळला. लवूची बायको मथुरा दगड उचलायला आली आणि मी तिच्या हाताला लागलो. तिने झाकण उघडलं. आत काळं, चिकट काहीतरी आणि त्यात केसांसारखे झुपके. तिने मला चटकन खाली ठेवलं आणि पदराला पुन्हा पुन्हा हात पुसले.

"केस आसत ह्यात," ती सुनेला, संचिताला म्हणाली. "कोणीतरी करणी केल्यान. म्हणानच जितेंद्र झाडावरसून पडलो."

जितेंद्र तिचा मुलगा. तो प्लास्टरमधला पाय घेऊन ओटीवर पडून होता.

गडग्यापलीकडे एकच घर, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या कोन्सेसांवचं. जितेंद्र पडला तेव्हा रिक्षा आणायला तीच धावली होती. आता मथुराला तेही खटकू लागलं.

"सगळ्यांच्या आधी तिका कसा कळला?"

मथुराने मला गोठ्यामागे टोपलीखाली झाकून वर धोंडा ठेवला. कुणाचं पाऊल वाजलं की मला वाटे, हा मला जाळायला आला की खाडीत फेकायला?

कोन्सेसांव वर्षानुवर्षं मथुराच्या विहिरीचं पाणी भरत असे. त्या आठवड्यात ती कळशी घेऊन आली, तर फाटकाला कुलूप.

"मथुरा, बावीक पाणी नाय?"

"आटली."

तेवढ्यात मागे पंप सुरू झाला. तो आवाज कोन्सेसांवने ऐकला. ती उन्हातून दूरच्या नळाकडे गेली. टोपलीखालून मला सगळं ऐकू येत होतं, पण सांगायला तोंड नव्हतं.

शेवटी संचिताने धोंडा बाजूला केला.

"आई, फेकूच्या आधी त्यांका विचारतंय."

"ती काय खरा सांगतली?"

संचिता मला घेऊन निघाली. कोन्सेसांवचा चेहरा कसा पडतो ते बघायला मथुराही मागोमाग आली.

कोन्सेसांवने मला उजेडात धरलं, वास घेतला.

"अगो, ह्यो लवूच्या जिपीचो डबो. माझ्यो कोंबयो गडग्यातल्या भोकातसून तुझ्या भाजयेत येयत, तू भांडायचंस. म्हणान त्यानच हो थंय बसवल्यान."

तिने चिमटीत एक झुपका ओढला. "आणि हे केस न्हय. काथो."

कोन्सेसांवने मथुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाव आटली ती ह्याच्यासाठी?"

मथुराने कमरेची किल्ली काढून तिच्यापुढे धरली. कोन्सेसांवने ती घेतली नाही.

"माका विचारूक व्हया होता," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, ओळखू न येणारी वस्तू सापडली तर तिच्याभोवती गोष्ट रचू नका. शेजारच्या दारात जाऊन विचारा. मला गंज चढला, त्याचं दुःख नाही. पण माझ्यामुळे एक म्हातारी उन्हात पाणी वाहत राहिली, ते विसरता येत नाही.

फाटकाचं कुलूप त्याच दिवशी निघालं. गडग्याचं भगदाड मात्र मथुरा बुजवू देत नाही. "वाट रवांदे," म्हणते. कोन्सेसांव पुन्हा पाण्याला येऊ लागली आहे. पण त्या वाटेने नाही, अजून रस्त्यावरून, फाटकाशी थांबून हाक मारून.