चाकणचा पाहुणा

गौरांगच्या शर्टाची बटणं हल्ली कौमुदी लावते. उजव्या हाताची तीन बोटं हॅनोव्हरच्या वर्कशॉपमधल्या प्रेसखाली गेली त्याला आता दीड वर्ष झालं. दवाखान्याचं सगळं विम्याने पाहिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘आमच्या मशीनमुळे झालं’ एवढं कुणीतरी कबूल करावं, असा हट्ट गौरांगने धरला आणि तिथेच घोडं अडलं.

प्रेस बनवणारी जर्मन कंपनी कधीच बुडाली होती. तिचं नाव आणि ड्रॉइंग्ज चाकणच्या एका कंपनीने विकत घेतली. नाव घेतलं, पापं नाही घेतली. बनवणारे उरले नाहीत आणि उरलेले म्हणतात, आम्ही कुठे बनवलं? शिवाय आम्ही बसलोय भारतात, हॅनोव्हरच्या कोर्टाचा आमच्याशी संबंध काय?

“त्या कंपनीने इथे येऊन मशीनवर काम केलं असेल, तर कोर्ट त्यांना बोलावू शकेल,” वकीलबाई फ्राऊ लिंडनर पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. “एखादा प्रोटोकोल असेल ना, केलेल्या कामाचा सही केलेला कागद?”

काम केलं होतंच की. अपघाताआधी दोन महिने. हात आत दिसला की प्रेस थांबवणारा सेन्सर मधूनच दगा द्यायचा, म्हणून गौरांगने चाकणला फोन लावला. तिथला सर्व्हिस इंजिनिअर क्षितिज हा त्याचा कॉलेजचा मित्र. तो सुट्टीवर बहिणीकडे जर्मनीतच, कार्ल्सरूहेला येणारच होता. तिथले साहेब म्हणाले, नवा सेन्सर त्याच्याच हाती पाठवतो. कंपनीच्या स्टोअरमधला सेन्सर असा थालीपिठाच्या भाजणीबरोबर बॅगेतून आला आणि शनिवारी क्षितिजने तो बसवला. वर्कशॉपमधला ऊवं नावाचा जर्मन सहकारी कागद घेऊन मागे लागला होता, सही तरी करा म्हणून. गौरांगने त्याला हसत वाटेला लावलं. आपल्याच माणसाकडून कसली सही घ्यायची?

आज कंपनीचं उत्तर आलं म्हणून दोघं पुन्हा फ्राऊ लिंडनरसमोर बसले होते. क्षितिजने लिहून दिलं होतं की मी फक्त मित्राला भेटायला गेलो. सोबत पुरावा म्हणून एक फोटो होता.

कौमुदीने पाहिला. तिच्याच टेबलाशी क्षितिज, समोर थालीपीठ. फोटो तिनेच काढलेला. स्टेशनवर निघताना तो म्हणाला होता, “वहिनी, सगळा दिवस कामातच गेला, नीट बोलणंही झालं नाही.” त्यावर तिने फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, “काम कसलं हो भाऊजी, तुम्ही घरी आला होतात. पुन्हा या.”

ते वाक्य आता सरकारमान्य अनुवादकाच्या शिक्क्यासकट जर्मनमध्ये तिच्यापुढे होतं. तिला संताप आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. लिहिणारी तीच होती.

“आल्झो, तर मग,” फ्राऊ लिंडनर हळू म्हणाल्या, “याच्याविरुद्ध ठेवायला माझ्याकडे काहीच नाही.”

“भाषांतर चुकलं असेल,” गौरांग म्हणाला. “नीट वाच ना.”

तिने दोनदा वाचलं, एखादी तरी चूक सापडावी म्हणून.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

तो उठला. डाव्या हाताने त्याने कोट अंगावर ओढून घेतला आणि तिच्यासमोर उभा राहिला. कौमुदी खालून एकेक बटण लावू लागली.