मारुतीच्या वळणावरची स्कूटर

मी एक जुनी, लिंबाच्या रंगाची स्कूटर आहे. इंदूरच्या मल्हारगंजातल्या एका जिन्याखाली मी चार वर्षं धूळ खात उभी होते. मग गणिताच्या शिक्षिका शशिकलाबाईंची शाळा सिमरोलच्या वाटेवर हलली. बस पोहोचेपर्यंत पहिला तास संपायचा. मुख्याध्यापकांनी वेळेवर यायला महिन्याची मुदत दिली, आणि बावन्नाव्या वर्षी बाईंनी मला बाहेर काढलं. त्या मला चालवायला शिकल्या नाहीत, तर त्यांची नोकरी जाणार आणि मी भंगारात.

रोज सकाळी आम्ही मैदानात फेऱ्या मारायचो. सरळ अगदी झकास जायचो. पण मैदानाच्या कडेच्या मारुतीच्या देवळापाशी वळलो, की मी झोकांडी खायचे आणि दोघी आडव्या! एकदा, पाचदा, अकरादा. बाई गुडघ्यांची माती झटकून पुन्हा बसायच्या. मित्रांनो, माझी तर मतीच गुंग झाली. सगळी वळणं सोडून मी इथेच का दगा देते? मिस्त्री गोपीनाथने मला दोनदा उघडलं.

"शशिकलाजी, गाडी एकदम टनाटन आहे. अब मैं क्या ठीक करूँ?" तोही डोकं खाजवू लागला.

एका शुक्रवारी शेंदूर चढवायचा म्हणून देवळाला पडदा होता, आणि आम्ही अलगद वळलो! शनिवारी पडदा निघाला, आम्ही पुन्हा आडव्या. मी आणखीच चक्रावले. कडेला उभी असलेली बाईंची लेक देवयानी मात्र हसत सुटली.

"आई, मारुती दिसला की तू ॲक्सिलेटर सोडून हात कपाळाला लावतेस!"

"मी? काहीतरीच! मला तर पताच नाही."

"मग दुसऱ्या ग्राउंडवर शीक ना."

"आणि रस्त्यात देऊळ लागणार नाही का? इंदुरात? इथेच शिकीन."

जन्माची सवय ती, सहज कशी सुटणार! हात उठायचा, बाई त्याला दटावायच्या, आम्ही पडायचो. एकविसाव्या खेपेला हात जागचा हलला नाही. बाईंनी नुसती मान लववली. "मारुतीराया, आज एवढ्यावरच भागव." वळण पार झालं! मला रडूच आलं असतं, पण स्कूटरला नुसता हॉर्न असतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाडीचं तेलपाणी करत जा. आणि कुणी पुन्हा पुन्हा एकाच जागी पडत असेल, तर हसू नका. त्या जागी काय आहे, ते एकदा थांबून बघा.

आता शाळेच्या वाटेवर आम्हाला अकरा देवळं लागतात. बाई अकराही वेळा मान लववतात, आणि हात माझ्या हँडलवर असतात.