धाब्याखालचा दगड

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे. चिखली तालुक्यातील उंद्री गावात अन्नपूर्णाबाईंचे धाब्याचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे, घर आहे. त्या मातीच्या छताला पेलणाऱ्या तुळईच्या टोकाखाली, भिंतीत मी बसलो आहे. आता फार थकलो आहे.

मी जन्मलो तेव्हा इथे माणूस नव्हता. जमिनीला लांब भेगा पडल्या, तप्त लाव्हा वाहिला, निवला आणि मी झालो. निवांत असा मात्र कधी राहिलो नाही. पृथ्वीचे कवच सलग नाही. त्याचे प्रचंड तुकडे आहेत आणि ते नखे वाढावीत इतक्या हळू सरकतात. आपला तुकडा उत्तरेला सरकत आशियाला भिडला. त्या रेट्याने हिमालय वर आला. तिथे खडक अडकून बसतात आणि अचानक सुटले की भूकंप होतो. अंदमानाकडे समुद्राचा तळ शेजारच्या तुकड्याखाली घुसतो. म्हणून तिकडे जमीन हादरते, ज्वालामुखी धुमसतो, कधी समुद्रच किनाऱ्यावर चढून येतो. आपण या तुकड्यांच्या कडांपासून दूर आहोत. तरी रेटा आतपर्यंत पोहोचतो आणि कुठे तरी एखादी जुनी भेग सरकते.

खालच्या रेट्याची मला सवय आहे. वरचे ओझे मात्र माणसांनी वाढवले. पाथरवटाने घडवून मला इथे बसवले, तेव्हा धाब्यावर वीतभर माती होती. छत गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात तिच्यावर नवी खारी माती पडत गेली. जुनी कोणी काढली नाही. घर गार राहते म्हणून लोक धाब्याचे कौतुक करत. भिंतीतल्या दगडाकडे कोण पाहतो?

सदुसष्ट साली डिसेंबरात कोयनानगरला मोठा भूकंप झाला. इतक्या लांब आम्हाला नुसती थरथर जाणवली, पण माझ्या शेजारी भिंतीला चीर गेली. पुढच्या उन्हाळ्यात अन्नपूर्णाबाईंचा मुलगा दयाराम मातीचे टोपले घेऊन शिडी चढू लागला. शेजारचे कारभारी ओट्यावरून म्हणाले, "काऊन बे दयाराम, धाब्यावर ज्वारी पेरतं का? एवढी माती तं माह्या वावरात नाही."

दयाराम हसला. मग त्याची नजर चिरेवर गेली आणि त्याने टोपले खाली ठेवले.

"माय, औंदा जुनी माती उकरून टाकतो. पुन्हा हादरा बसला तं सारं अंगावर येईन."

"अन् गळलं मंग?"

"थोडी नवी टाकतो ना वरून. नाही गळत."

"तुह्या बापानं डोक्यावर वाहून आनली ते माती. अन् तू उकिरड्यावर फेकतं?"

दयारामने चिरेकडे बोट दाखवले. अन्नपूर्णाबाईंनी वर, तुळयांमधल्या एकेका खणाकडे पाहिले.

"लेकरं निजतात त्या खणावरची काढ," त्या म्हणाल्या. "माह्या खणावरची राहू दे. मी मेल्यावर काढजो."

त्याने तसेच केले. त्याला आता दोन-तीन वर्षे झाली. मुलांच्या डोक्यावरचे छत हलके झाले. मी आहे तो अन्नपूर्णाबाईंच्या खणात. दुपारी त्या मला पाठ टेकून गहू निवडतात. त्यांच्या वारलेल्या नवऱ्याने वाहून आणलेली सगळी माती माझ्यावर आहे, आणि चीर थोडी रुंदावली आहे.

मित्रांनो, पृथ्वीचा रेटा थांबणार नाही. तो मला थांबवता येत नाही, तुम्हालाही नाही. माती मात्र तुम्हाला उतरवता येते. अन्नपूर्णाबाईंशी कोणी तरी पुन्हा एकदा बोला. हळू बोला, त्यांना राग येतो. तोवर मी धरून आहे.