नळाचं स्वातंत्र्य

कातालोनियातल्या आमच्या गावात गिफ्रे नगरसेवक झाला, तेव्हा त्याच्या सासूबाईंनी माझ्या बेकरीत सगळ्यांदेखत विचारलं, "मग जावईबापू, स्पेनपासून सुटका कधी? मंगळवारी नको हं, मंगळवारी माझं धुणं असतं."

या एन्कार्नाबाई. तरुणपणी दक्षिण स्पेनमधून पोटासाठी आल्या, इथल्या कापडगिरणीत तीस वर्षं राबल्या, हुकूमशहाच्या काळात संपात लाठ्या खाल्ल्या. कामगारांचा लाल झेंडा त्यांना जवळचा. जावयाच्या खिडकीतला स्वतंत्र कातालोनियाचा झेंडा पाहिला की मात्र नाक मुरडायच्या. "आमचा गिरणीमालकही इथलाच होता की. तोही आपल्या मातीचं फार बोलायचा, पगार सोडून."

गिफ्रे शाळेत इतिहास शिकवायचा. त्याचा पक्ष डावाही आणि स्वातंत्र्यवादीही. तो म्हणायचा, "देश मिळायचा तेव्हा मिळेल. आधी पाणी तरी आपलं करू." पंचवीस वर्षं गावचं पाणी एका खासगी कंपनीच्या हातात होतं. दर चढत होते, पाइप सडत होते. मग चार रविवार गावसभा झाल्या. बोलणाऱ्यांची हौस फिटली आणि शेवटी पाणी कंपनीकडून नगरपालिकेकडे घ्यायचं का, यावर हात वर करून मतदान झालं. एन्कार्नाबाईंचा हातही वर!

गिफ्रे हरखला. "आई, तुम्हीसुद्धा?"

"हा हात पाण्याला आहे. तुझ्या देशाला नाही."

जानेवारीत कंपनी गेली. जाताना पाइपांचा एक नकाशा देऊन गेली. ऑगस्टमध्ये, ऐन जत्रेच्या सकाळी, नाक्यावरचा पाइप फुटला आणि गावभर नळ कोरडे पडले. माझं पीठ तसंच परातीत. अर्धं गाव गिफ्रेच्या दारात उभं. नगरपालिकेचा नवा प्लंबर नकाशा बघून खणत होता. नकाशात जिथे व्हॉल्व्ह होता, तिथे झाडाचं मूळ निघालं.

गिफ्रेनं घड्याळ बघितलं. "अकरा वाजता तातडीची सभा घेऊ," तो म्हणाला.

"सभा?" एन्कार्नाबाई गर्दीतून पुढे आल्या. "अरे, घराला आग लागली तर आधी ठराव मांडशील का? मोठा पाना घे आणि चल माझ्याबरोबर!"

बंद गिरणीमागच्या धुण्याच्या घाटावर त्यांनी एक फरशी दाखवली. "उचला. संपात आम्ही बायकांनी मालकाचं पाणी इथूनच तोडलं होतं. सहा दिवस शोधत होता बिचारा."

फरशीखाली गंजलेला व्हॉल्व्ह निघाला. प्लंबर, गिफ्रे आणि मी, तिघं पान्याला लोंबकळलो. व्हॉल्व्ह फिरला, पण आधी गिफ्रे नखशिखांत भिजला. फुटलेल्या पाइपाकडे जाणारं पाणी बंद झालं आणि दुपारी एकपर्यंत दुसऱ्या पाइपानं घराघरांत पाणी आलं. माझा पाव तीनला निघाला. लोकांनी मला शिव्या घातल्या, पण संध्याकाळी चौकात सगळे नाचले.

पुढच्या महिन्यात पाणी समिती निवडली गेली. सर्वांत जास्त मतं एन्कार्नाबाईंना. पहिल्याच बैठकीत त्यांनी घरगुती पाणी स्वस्त केलं आणि खासगी पोहण्याच्या तलावांचा दर तिप्पट. गावात तसे तलाव पाच, त्यांतला एक गिफ्रेच्या सख्ख्या भावाचा. भावानं महिनाभर गिफ्रेशी बोलणं टाकलं. सासूबाईंशी भांडायची त्याची छाती नव्हती.

परवा गिफ्रे बेकरीत त्यांना म्हणाला, "बघितलंत ना आई? आपला कारभार आपल्याला जमतो. मग देशाचा का नाही जमणार?"

बाईंनी पाव पिशवीत टाकला. "देशाचं बघू रे सावकाश. आधी मला सांग, तुझ्या शाळेतलं पोरांचं जेवण कुठल्या ठेकेदाराकडे आहे? डाळ म्हणजे नुसतं पाणी असतं म्हणे."

गिफ्रेनं हसत हसत खिशातून वही काढली.

"लिहू नकोस," बाई म्हणाल्या. "उद्या बाराला मला स्वयंपाकघरात घेऊन चल. मी चाखूनच बघते."